वरच्या खोल्या

ड्वेनने हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळाच्या तोंडावर झाकण धरून पहिला स्क्रू पिळला, तोच स्टेफानिया तळघराच्या पायऱ्यांवरून ओरडली, "ते काय चाललंय?"

"वरच्या मजल्यावर जाणारी गरम हवा बंद करतोय, काकू. तुमच्या मुलानंच सांगितलंय. घर तापवायची ही नवी भट्टी लहान आहे, खालच्या खोल्यांपुरती."

भट्टी शेजारीच खोक्यात उभी होती. कुठली घ्यायची हे तारासने तिकडे कॅल्गरीत बसून ठरवलं होतं. आईला कळवलं ते एवढंच, की बसवायला माणूस येईल.

"आणि घर कुणाचं आहे, हे नाही सांगितलं त्यानं?"

ड्वेनचा हात थांबला. तिने पिठाचे हात ॲप्रनला पुसले आणि तिथूनच फोन लावला.

"आई, वर राहतं कोण आता?" तारास म्हणाला. "रिकाम्या खोल्या कशाला तापवायच्या? तुझीच सोय बघतोय मी."

"माझी सोय मला विचारून बघायची. मी काय कपाट आहे, सरकवलं की सरकलं?"

"बरं, चिडू नकोस."

"चिडणारच! आणि नाताळात तुम्ही आलात की? त्या गोठलेल्या खोलीत निजवणारेस मुलांना?"



"आम्ही हॉटेलातच उतरू म्हणतोय," तो म्हणाला. "मुलांना पोहायला मिळतं तिथं. यापुढे तेच बरं. तुलाही दगदग नको."

त्यांच्यासाठी पेरोगी, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, करून फ्रीझरमध्ये भरायला तिने परवापासूनच सुरुवात केली होती.  तिने फोन बंद केला.

"मग... बसवू झाकण?" ड्वेनने हळूच विचारलं.

"जुनी भट्टी चालू आहे ना अजून?"

"आहे."

"मग हे खोकं परत ने. अख्ख्या घराला पुरेल अशी आण. आणि काही विचारायचं झालं तर मला विचार."

पुढच्या आठवड्यात मोठी भट्टी बसली. वर तारासच्या जुन्या खोलीतल्या जाळीतून ऊब यायला लागली, तशी स्टेफानिया वर गेली. पलंगावरच्या चादरी काढल्या, गादी गुंडाळली, पलंग भिंतीशी उभा केला. ड्वेनच्या मदतीने शिवणयंत्र वर आणून खिडकीशी ठेवलं. इतकी वर्षं ते मागच्या गारठलेल्या पडवीत होतं.

ड्वेन गेला. खाली स्वयंपाकघरात फोन वाजू लागला. स्टेफानियाने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि सुई उजेडाकडे धरली.