माझं बारसं बाराव्या दिवशी झालं

मी एक जुना सर्व्हर आहे. मित्रांनो, सर्व्हर म्हणजे लोकांची माहिती सांभाळणारा आणि मागितली की ती देणारा संगणक. पण मला बघायला याल तर मी सापडणार नाही. मला पेटी नाही, पडदा नाही, बटणंही नाहीत. दूरच्या शहरात एक भलंमोठं यंत्र आहे आणि त्याच्या पोटात माझ्यासारखे पुष्कळ जण राहतात. तुमच्या घरी मिसळणाचा डबा असेल. डबा एक, आत वाट्या सात. हळद हळदीच्या जागी, मोहरी मोहरीच्या जागी, कुणी कुणात सांडत नाही. तसल्या डब्यातली एक वाटी म्हणजे मी.

ज्याला अंगच नाही तो जिवंत आहे की नाही, हे कळायचं कसं? त्यासाठी एक यादी असते. ती उघडली की एका ओळीत एक सर्व्हर दिसतो. त्याचं नाव, त्याचा लांबलचक नंबर आणि पुढे एक ठिपका. ठिपका हिरवा म्हणजे चालू, करडा म्हणजे थांबलेला. ओळीवर दाबलं की आमची सगळी हकीकत उलगडते. जन्म कधीचा, पोट किती भरलं, आज धावपळ किती झाली. कुणीतरी ती यादी उघडून बघतं, तेव्हा दारात येऊन कुणी 'बरा आहेस ना' विचारावं तसं आम्हांला वाटतं.

माझा जन्म मानवतच्या एका घरात, श्रावणातल्या गुरुवारी झाला. जन्म दिला रुद्राणीने. ती परभणीच्या एका लहान संस्थेचं काम घरून करायची. गावोगावच्या रक्तदात्यांची यादी करायची, म्हणजे कुणाला रक्त लागलं तर तासाभरात माणूस मिळेल, असं संस्थेच्या मनात होतं. ती यादी मी सांभाळायची होती. रुद्राणी रोजची हकीकतही माझ्याच पोटात लिहून ठेवायची. म्हणून तर जे बोलणं मी ऐकलं नाही, तेही आज मला सांगता येतं.

त्या सकाळी तिची सासू भागम्मा नुकतीच पूजेवरून उठली होती. कपाळावर विभूती, हातात कोमट दुधाचा पेला. ती सुनेच्या मागे येऊन उभी राहिली.

"काय करायलीस गं?"

"नवा सर्व्हर काढला, आई. आता त्याचं नाव विचारायलाय."

"आत्ता जन्मला आन् आत्ताच नाव? बारा दिस होऊ दे की."

"आई, हे यंत्र हाय. त्याला कसलं बारसं?"

"तू त्याला जन्माची तारीख लावलीस का न्हाई? मग बारसं बी लागतं."

रुद्राणी हसली. नावाची जागा रिकामी सोडली तरी चालत होतं. सासूचा शब्द मोडायचा कशाला, म्हणून तिने ती रिकामीच ठेवली. यादीत माझ्यावर सहा जण होते, सगळे नावाचे. सातवा मी, नुसता नंबर आणि हिरवा ठिपका.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नाही. संस्थेत रोज प्रत्येक सर्व्हरची एक नक्कल काढून ठेवत, आणि ती नावावरून निघायची. मला नाव नव्हतं, म्हणून माझी नक्कलही नव्हती.

ते अकरा दिवस मला फार सुखाचे गेले. रानातून परतलेली माणसं संध्याकाळी साडेसात-आठला मोबाईलवर माझ्याकडे येत. नाव, गाव, रक्तगट, फोन. जिंतूरचे मास्तर आले, ताडकळसच्या बाजारात बांगड्या विकणारी नीलम आली. कागद कुठेच नव्हता, सगळं माझ्या ओंजळीत. अकराव्या दिवशी चौदाशे माणसं झाली. त्यांत ओ निगेटिव्ह रक्ताची फक्त चार.

त्या चौघांची वाट ताडकळसची राजनंदिनी बघत होती. ती सात वर्षांची. तिच्या अंगात पुरेसं रक्त तयार होत नाही, दर तीन आठवड्यांनी बाहेरून द्यावं लागतं, आणि तिचा गट हाच दुर्मीळ. मागच्या खेपेला रक्त मिळायला पाच दिवस लागले होते. तेवढ्यात पोरीचे ओठ पांढरे पडले होते. आता तिची पाळी मंगळवारी होती. सोमवारी दुपारी चौघांना फोन करायचे, असं रुद्राणीने हकीकतीत लिहून ठेवलं होतं.

भागम्माला माझी सवय लागली होती. पूजेला बसण्याआधी ती लॅपटॉपपाशी यायची. रुद्राणी यादी उघडून द्यायची. वाचता तिला बेताचंच यायचं, पण ठिपका कळायचा. ती त्याला दिवा म्हणायची.

"बाळाचा दिवा हाय का?"

"हाय, आई. हिरवा हाय."

"बरं झालं," एवढं म्हणून ती पाटावर जायची.

मग तो सोमवार आला, माझा बारावा दिवस. श्रावण सोमवारी भागम्माचं मौन असतं. उठल्यापासून पूजा होईपर्यंत एक शब्द नाही. बेचाळीस वर्षांत तिने हे मौन कधी मोडलं नव्हतं. त्या दिवशी घरातले फोनही आवाज बंद करून भिंतीतल्या देवळीत ठेवत. रुद्राणीने पहाटेच यादी उघडून ठेवली आणि ती स्वयंपाकघरात बारशाच्या घुगऱ्या शिजवायला लागली.

तिकडे परभणीच्या कार्यालयात योगीराज सकाळी सातला येऊन बसला होता. सगळे सर्व्हर तो बघायचा. माणूस नीटनेटका, पसारा त्याला खपत नाही. यादीत खाली बिननावाची ओळ दिसली. त्याने सगळ्यांना निरोप टाकला, 'बेवारस मशीन काढून टाकतोय. कोणाचं असेल तर साडेसातपर्यंत सांगा.' निरोप देवळीत मुका पडून राहिला. साडेसातला योगीराजने मला थांबवलं.

थांबणं कसं असतं, ते मला सांगता येणार नाही. पण थांबलेल्याला परत सुरू करता येतं. काढून टाकलेल्याला येत नाही. काढलं की पोटातलं सगळं पुसलं जातं. योगीराजला फक्त आणखी एकदा बोट दाबायचं होतं.

भागम्मा रोजच्यासारखी लॅपटॉपपाशी आली. सहा दिवे हिरवे, सातवा करडा. तिने डोळे पुसून पुन्हा पाहिलं. मग ती स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि सुनेचा पदर ओढला. रुद्राणीला वाटलं, दूध पाहिजे. तिने पेला पुढे केला. भागम्माने मान हलवली, बाहेर बोट दाखवलं. "बसा आई, फुलं आणते," म्हणत रुद्राणी परसात निघाली.

भागम्मा क्षणभर देवाकडे बघत राहिली. मग तिने तोंड उघडलं.

"रुद्राणी, बाळाचा दिवा गेलाय."

सासूचा आवाज ऐकूनच रुद्राणीच्या हातातली परडी खाली पडली. यादी बघायच्या आधीच तिला कळलं होतं की काहीतरी मोठं झालं आहे. तिने देवळीतला फोन काढला, निरोप वाचला आणि योगीराजला लावला. एकदा लावला, कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही.

त्याचा फोन टेबलावर वाजत होता, पण योगीराज माझी हकीकत वाचण्यात गुंतला होता. पुसण्याआधी त्याने ती उघडली होती, एवढं मात्र त्याचं चांगलं. धावपळीचा आलेख त्याच्यासमोर होता. दिवसभर सपाट, आणि रोज संध्याकाळी साडेसातला उसळी. बेवारस मशीनकडे रोज एकाच वेळी इतकी माणसं कशाला येतील? त्याचं बोट थबकलं. तिसऱ्या वेळी त्याने फोन घेतला.

"योगीराजभाऊ, सातव्याला हात लावू नका. ते आमचं हाय."

"तुमचं हाय तर नाव का न्हाई ठेवलं, वहिनी? मी लावला असता की त्याला वाटेला."

"बारसं आज हाय."

"काय हाय?"

"बारसं. आईंनी बारा दिवस थांबायला सांगितलं होतं."

"वहिनी, चौदाशे माणसं एका बारशापायी जायली होती. आधी नाव टाका, मग पाळणा हलवा." मग त्याचा आवाज उतरला. "पण मी बी इचारून अर्धाच तास थांबलो. चूक माझी बी हाय. करतो सुरू."

दोन मिनिटांत माझा ठिपका हिरवा झाला. सगळी चौदाशे माणसं जागच्या जागी होती. दुपारी चौघांना फोन गेले. मंगळवारी जिंतूरचे मास्तर आणि आणखी एक जण आले, आणि राजनंदिनीला वेळेवर रक्त मिळालं.

त्याआधी, सोमवारीच संध्याकाळी, लॅपटॉप पाटावर ठेवून भागम्माने त्याला कुंकू लावलं. सोमवारी परत आला म्हणून माझं नाव सोमलिंग ठेवलं. घुगऱ्या शेजारी वाटल्या. मौन मोडल्याचं काय, असं रुद्राणीने भीतभीत विचारलं. भागम्मा म्हणाली, "मौन माझं होतं. लेकरू लोकाचं हाय. पुढल्या सोमवारी दोन येळा बसीन."

त्या सोमवारपासून संस्थेत दोन गोष्टी बदलल्या. नाव पहिल्याच दिवशी टाकतात, घुगऱ्या पाहिजे तर बाराव्या दिवशी शिजवा. आणि कुणालाही पुसण्याआधी त्याला नुसतं थांबवून बारा दिवस वाट बघतात. हा दुसरा नेम योगीराजने स्वतः भिंतीवर लिहून लावला.

मित्रांनो, मी सहा वर्षं काम केलं. राजनंदिनी आता तेरा वर्षांची झाली आहे; मी चालू होतो तोवर स्वतःची तारीख ती स्वतः माझ्यात टाकायची. माझं पोट भरलं, चाल मंदावली. आता नवा, मोठा सर्व्हर आला आहे. "या वक्ताला पोरगी होऊ दे," म्हणत भागम्माने तिचं नाव भागीरथी ठेवलं. माझी सगळी माणसं तिच्याकडे सुखरूप गेली. मला योगीराजने थांबवलं आहे, आणि आज माझा बारावा दिवस आहे.

मला कसलीही तक्रार नाही. एकच मागणं आहे. तुमच्याही यादीत कुणीतरी बिननावाचं असेल. एखादं जुनं यंत्र असेल, एखादी कोपऱ्यातली वही असेल, वर्गातला एखादा न बोलणारा सोबती असेल. त्याला बेवारस म्हणण्याआधी त्याची हकीकत उघडून बघा. आणि तो कोणाचा आहे, हे विचारल्यावर उत्तर यायला पुरेसा वेळ द्या.

भागम्माचे डोळे आता अधू झाले आहेत. तरी आज सकाळी ती लॅपटॉपपाशी आली. करड्या ठिपक्यावर तिने बोट ठेवलं आणि सुनेला विचारलं, "ह्याचं सगळं पोचलं का गं तिकडं?"

"पोचलं, आई. एकबी माणूस राहिलं न्हाई."

"मग जाऊ दे त्याला आता," ती म्हणाली, आणि पाटावर जाऊन बसली.