ही बाजू माझी

"मूठ आवळा. अजून जोरात!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काचवालीने दात आवळून हातातलं पकड मोजायचं यंत्र दाबलं. काटा जेमतेम हलला.

शेजारी बसलेल्या नवऱ्याने मान खाली घातली. पंचवीस वर्षं दोघांनी जोडीने खिडक्यांच्या काचा बसवल्या होत्या. एक टोक त्याचं, एक तिचं. गेल्या आठवड्यात भर रस्त्यात तिच्या हातून काच निसटली. कुणाला खरचटलंही नाही, पण तेव्हापासून तिने कामाला रामराम ठोकला होता.

"आजार यकृताचा, मग दंडांच्या काड्या का झाल्या?" तिने विचारलं.

"आतड्यातल्या जिवाणूंची घडी विस्कटली की नको ती द्रव्यं रक्तात उतरतात. थकलेल्या यकृताला ती गाळता येत नाहीत आणि स्नायू झिजू लागतात. त्यात पोट रिकामं असेल तर शरीर स्नायूच खायला काढतं. जेवता काय?"

"उकडलेली भाजी. अर्धी वाटी. यकृताला आराम म्हणून."

"कुणी सांगितलं?"

नवऱ्याने हळूच हात वर केला.

"उपाशी राहून ताकद येते का कधी? अंडी, डाळ, दही, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खायचं. झोपण्यापूर्वीसुद्धा. औषध चुकवायचं नाही, आणि रोज व्यायाम."

बाहेर येताच ती म्हणाली, "आता माझ्या ताटात डोकावलात तर बघा!"

"डोकावतो कसला, भरवतो!"

आणि तो शब्दाला जागला. उकडलेलं अंडं घेऊन तो घरभर तिच्या मागे फिरे. "अहो, मी बायको आहे की अंड्यांचं गोदाम?" ती करवादे, आणि खाई. व्यायामाला पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलताना सुरुवातीला पाचव्या खेपेलाच ती त्या खाली ठेवी. तो मात्र एकट्याला पेलतील तेवढ्याच काचांची कामं घेत राहिला. दुसरा जोडीदार काही त्याने शोधला नाही.

आठ महिन्यांनी काटा बराच पुढे सरकला. जुना जोर नव्हता, पण डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली.

त्याच आठवड्यात मोठ्या खिडकीच्या कामासाठी फोन आला. तो नाही म्हणणार, इतक्यात तिने फोन हिसकावला. "उद्या येतो. दोघंही."

तिसरा मजला. घरमालक धावत खाली आले. "ताई, द्या इकडे."

"बाजूला व्हा दादा. ही बाजू माझी आहे."

जिन्याच्या दर वळणावर काच टेकवून दोघं थांबत.

"दमलीस?"

"तुम्ही दमलात म्हणून थांबलेय."

काच चौकटीत चपखल बसली. ऊन आत आलं, तशी एका कडेला तिची पाचही बोटं ठसठशीत उमटलेली दिसली. नवरा फडकं हातात धरून नुसताच उभा होता.

"अहो, पुसा की."

"पुसतो गं. घाई काय आहे?"