खालचा कागद कोरडा हवा

शहराच्या कचरा डेपोत काहीही जायचं तर आधी थेंबरावांच्या नजरेखालून जावं लागे, आणि ती नजर चुकवणारा कचरा अजून जन्माला यायचा होता. आईवडिलांनी नाव चांगलं ठेवलं होतं हो, पण उभी हयात फाटकावर थेंब पडतो का पडत नाही हे बघण्यात घालवलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? पुढे पुढे पगारवाटपाचा कारकूनसुद्धा ‘थेंबराव’ अशीच हाक मारू लागला.

फाटकाशेजारी पत्र्याचा भलामोठा बोर्ड होता. काय घेणार नाही ते त्यावर लिहिलेलं. पातळ काही नको. टायर नको, बॅटरी नको. दवाखान्यातलं नको, गरम राख नको, मेलेलं जनावर नको. झाकण बंद असलेला डबा नको, कारण आत काय आहे ते कळत नाही. झाकण उघडा डबाही नको, कारण आत काय होतं ते कळत नाही. डेपोच्या साहेबांना सुचेल तशी एकेक ओळ वाढत गेली आणि बोर्ड पुरेना, म्हणून दुसरा मोठा बोर्ड आणला. मग पहिल्याचं काय करायचं? टाकावा तर रंगवलेला पत्रा घेणार नाही असं दुसऱ्यावर लिहिलेलं. शेवटी दोन्ही बोर्ड शेजारी शेजारी उभे राहिले.

या सगळ्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. डेपोच्या आत इतकी स्वच्छता की तशी शहरात दुसरीकडे नव्हती. खड्डा जवळपास रिकामा, त्याच्या कडेने हिरवळ, आणि साहेबांच्या केबिनसमोर गुलाबांचा वाफा. ‘आदर्श डेपो’ची ढाल केबिनमध्ये, तिच्यावर रोज फडकं फिरायचं. परत पाठवलेला माल मात्र लोक घरी कशाला नेतायत? भिंतीला वळसा घालायचा आणि मागे ओतून मोकळं व्हायचं. तो ढीग वाढत वाढत भिंतीच्या वर आला. साहेब म्हणायचे, भिंतीबाहेरची जागा रस्ते खात्याची. रस्ते खातं म्हणायचं, कचरा डेपोचा. दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे ढिगाला कोणी हात लावत नसे.

थेंबरावांची चाचणी साधी होती. आलेल्या मालातला मूठभर नमुना कापून घ्यायचा, जाळीदार कागदी गाळणीत ठेवायचा, गाळणी लोखंडी तिवईत अडकवायची. खाली पांढरा टिपकागद. शेजारचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि वाट बघायची. वाळू संपेपर्यंत टिपकागद कोरडा राहिला तर माल आत. एक थेंब जरी पडला तर माल पातळ समजायचा आणि गाडी परत. चाचणी कोरड्या दगडावरही व्हायची. नियम तो नियम.

मागे एकदा डेपोसमोरचा सलूनवाला त्याची जुनी खुर्ची ढकलत घेऊन आला होता. दाढीची, मागे रेलणारी, गादी फाटलेली. थेंबरावांनी गादीतला स्पंज कापला, गाळणीत ठेवला. वाळू संपत आली तरी कागद कोरडा. तेवढ्यात सलूनवाला बघायला वाकला. बाहेर भुरभुर चालू होती, त्याच्या टोपीच्या कडेवरून टप्पकन एक थेंब कागदावर पडला.

"परत न्या," थेंबराव म्हणाले.

"अहो, तो माझ्या टोपीतला थेंब."

"थेंब कुठून आला ते नियम विचारत नाही."

हे वाक्य साहेबांना इतकं आवडलं की त्यांनी ते बोर्डावर रंगवून घेतलं. सलूनवाल्याने खुर्ची ढिगावर नेऊन ठेवली आणि त्या दिवसापासून दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो तिथे जाऊन तिच्यातच रेलायचा. फाटकातून दिसायचा. थेंबराव तिकडे बघायचं टाळत.

आता बघा, माणसाची खरी परीक्षा घरात होते. थेंबरावांचे वडील कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळून होते, मागच्याच महिन्यात गेले. थेंबरावांनी त्यांचं सगळं केलं होतं. पुसणं, कूस बदलणं, भरवणं, काही म्हणजे काही बाकी ठेवलं नव्हतं. बाबा गेले आणि मागे त्यांची कापसाची गादी राहिली. मधोमध बाबांच्या आकाराचा खळगा पडलेली, आणि कितीही ऊन दाखवलं तरी वास न सोडणारी. घराला खोल्या दोन. त्यातल्या एका खोलीत ती गादी भिंतीला टेकून उभी.

आणि रविवारी लेक येणार होती, तान्ह्या बाळाला घेऊन, महिनाभर राहायला. थेंबरावांनी नातीचं तोंड अजून पाहिलं नव्हतं. लेकीने फोनवर आईला स्पष्टच सांगितलं होतं, त्या गादीसकट त्या खोलीत बाळाला निजवणार नाही, त्यापेक्षा मी येतच नाही.

"अहो, एवढे कचऱ्याचे अधिकारी तुम्ही," बायको म्हणाली, "आणि एक गादी तुमच्याच्याने हलेना? घंटागाडीवाला घेत नाही. भंगारवाला म्हणतो, वहिनी, मला पैसे दिलेत तरी नको. सगळं गाव टाकतं तशी भिंतीमागे टाका की."

"मी? मी भिंतीमागे टाकू?" थेंबरावांचा आवाज चढला. "गादी रीतसर फाटकातून जाईल. चाचणी होऊन."

"माझ्या नशिबी सगळं चाचणी होऊनच आलं," बायको म्हणाली आणि आत गेली.

थेंबरावांनी सुट्टी काढली. गादी दोनदा धुतली, गच्चीवर वाळवली, काठीने झोडली, पुन्हा वाळवली. शेजाऱ्यांना वाटलं वडिलांच्या दुःखाने माणसाचं डोकं फिरलं. शनिवारी सकाळी गादी हातगाडीवर टाकून ते आपल्याच फाटकावर हजर झाले, गाडीवाल्यांच्या रांगेत, सगळ्यांच्या मागे.

त्यांच्या जागी त्या दिवशी वजनकाट्यावरची बाई उभी होती. तिला चाचणी शिकवली ती थेंबरावांनीच. गादी बघून तिला सगळं उमगलं. ती हळूच म्हणाली, "काका, न्या तशीच आत. साहेब केबिनमध्ये आहेत, मी काही बघितलं नाही."

इथे दुसरा कोणीही असता तर देवाचे आभार मानून आत गेला असता. पण हे पडले थेंबराव. मागे रांग उभी, आणि त्या रांगेतल्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी परत पाठवलेलं. त्यांना वाटलं, बघू दे सगळ्यांना. नियमात बसलेला माल कसा असतो तो एकदा डोळ्यांनी बघू दे.

"चाचणी कर," ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले. केबिनमधून साहेबही बाहेर आले.

बाईने नाइलाजाने कात्री घेतली. "कुठून कापू?"

"मधून. नियम मधल्या भागाचा आहे."

मध्ये तो खळगा होता. कात्री कापडात शिरली आणि कर्र आवाज झाला. बाईने कापूस ओढून काढला, पिवळट, गोळे झालेला. तो गाळणीत ठेवला, घड्याळ उलटं केलं. वाळू पडू लागली. कागद कोरडा. रांगेतले लोक माना उंच करून बघत होते. थेंबराव नेहमीच्या सवयीने तिवईवर वाकले, अगदी जवळ.

आणि त्यांना बाबांचा वास आला. औषधाचा, तेलाचा, बाबांच्या अंगाचा. दोनदा धुऊनही कापसाच्या पोटात तो राहिलाच होता. बाबा गेले तेव्हा थेंबराव रडले नव्हते. माणसं सांभाळायची होती, धावपळ होती, राहूनच गेलं होतं. ते रडू आत्ता, इथे, भरल्या फाटकावर आलं.

टप्पकन थेंब पडला. पांढऱ्या कागदावर, बरोबर मधोमध.

बाई साहेबांकडे बघू लागली. साहेब माणूस वाईट नव्हते, पण आदर्श होते. त्यांनी घसा खाकरला आणि बोट वर केलं, बोर्डाकडे. थेंब कुठून आला ते नियम विचारत नाही.

"बरोबर आहे साहेब," थेंबराव म्हणाले आणि त्यांनी हातगाडी वळवली. रांगेने बाजूला होऊन वाट दिली. हसलं कोणीच नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

घरी तर नेता येत नव्हती. उद्या लेक येणार. शेवटी भिंतीला वळसा घातला आणि ज्या ढिगाकडे ते कधी बघत नसत त्याच्यासमोर उभे राहिले. सगळी ओळखीची मंडळी होती तिथे. गळक्या माठाची खापरं, पुसलेला तरी दमट निघालेला गालिचा, कोणाची तरी पुस्तकं, सगळं त्यांनीच परत पाठवलेलं. लाजेने त्यांना मान वर करवेना. खुर्चीत सलूनवाला रेलला होता. तो उठला.

"कोणाची गादी?"

"बाबांची."

सलूनवाल्याने टोमणा मारला असता तर थेंबरावांना सोपं गेलं असतं. त्याने नुसतं गादीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती खुर्चीशेजारी ठेवली. "शेवटी शेवटी त्यांची दाढी मीच करायला यायचो," तो म्हणाला. "तुम्ही त्यांची मान धरायचात. हात फार हलका होता तुमचा."

रविवारी लेक आली. नात इवलीशी, मुठी आवळून झोपलेली, त्या मोकळ्या खोलीत. बायको खूश, लेक खूश. थेंबरावही हसले, पण संध्याकाळी सर आली तेव्हा ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. गादी भिजत असणार. बाबांना ओलं अंथरूण कधी सहन व्हायचं नाही, लगेच हाक मारायचे.

सोमवारी थेंबराव कामावर हजर झाले. पहिलाच आला सलूनवाला, हातगाडी ढकलत. गाडीवर त्याची खुर्ची, आणि खुर्चीवर घडी करून बाबांची गादी.

"म्हटलं, दोन्ही एकाच फेरीत आणावं," तो म्हणाला. "कुत्री बसायला लागली होती तिच्यावर. मला बघवेना. परत पाठवलंत तर परत नेईन, मला काय, समोरच तर जायचंय."

केबिनच्या खिडकीत साहेबांचं डोकं दिसलं. थेंबरावांनी कात्री घेतली. खुर्चीतला स्पंज कापला, गादीतला कापूस काढला. दोन्ही कालच्या सरीत भिजलेलं, चिंब. गाळणी एकच, म्हणून दोन्ही एकत्र ठेवलं. घड्याळ उलटं केलं. साहेब बाहेर येऊन पायरीवर उभे राहिले.

वाळू अर्धी होण्याआधीच गाळणीच्या टोकाशी पाणी जमायला लागलं. थेंबराव नेहमीसारखे वाकले. डावा हात तिवईवर. उजवा हात त्यांनी सावकाश गाळणी आणि कागद यांच्या मधे सरकवला, तळवा वर करून, बाबांना पाणी पाजताना हनुवटीखाली धरायचे तसा. सलूनवाल्याने ते पाहिलं, आणि तो पुढे सरकून साहेब आणि तिवई यांच्या मधे उभा राहिला. वाळू संपेपर्यंत दोघेही हलले नाहीत.

"काय थेंबराव?" साहेबांनी जवळ येत विचारलं. "थेंब पडला का?"

"खालचा कागद बघा साहेब. नियम कागदाचा आहे."

साहेबांनी टिपकागद उचलला, उजेडात धरला, उलटा करून पाहिला. कोरडा ठणठणीत होता. "माल आत घ्या," ते म्हणाले, जरा नाराजीनेच.

सलूनवाल्याने हातगाडी आत ढकलली. थेंबराव दोन्ही बोर्डांच्या मधे उभे राहून गादी हिरवळीवरून खड्ड्याकडे जाताना बघत होते. उजव्या हाताची मूठ छातीशी आवळलेली होती आणि बाहीतून कोपरापर्यंत पाणी ओघळत होतं.