पेल्यांचा घोडेस्वार

मित्रांनो, मला मोजू नका. मोजलंत तर एकोणचाळीस पानं भरतील आणि माझ्या जातीच्या कॅटला चाळीस लागतात. म्हणून तर मी इतकी वर्षं दिर्चेबाईंच्या हॉटेलातल्या खणात पडून आहे, बाटल्यांची बुचं, अर्ध्या मेणबत्त्या आणि अक्रोड फोडायचा एक मोडका अडकित्ता यांच्या संगतीत. अडकित्ता फारसा बोलत नाही.

मी पत्त्यांचा एक जुना कॅट आहे. जन्म इटलीतल्या त्रेविझोच्या छापखान्यातला. तुमच्या बदाम-किलवरांपेक्षा माझी पानं निराळी: नाणी, पेले, तलवारी आणि सोटे. माझ्यात राणी नाही, तिच्या जागी घोडेस्वार आहे. दिर्चेबाई म्हणायच्या, "बरोबरच आहे. बाईला कुठे वेळ असतो पत्त्यांत बसायला."

त्यांचं छोटं हॉटेल टेकडीवर, गावापासून लांब. म्हणूनच गावातला फुटबॉलचा संघ दर शनिवारी इथे यायचा. रविवारच्या सामन्याआधी खेळाडूंना बायकापोरांपासून आणि आईच्या ताटापासून दूर कोंडून ठेवायचं, ही इटलीत रीतच आहे. दुपारची जेवणं झाली की बिचाऱ्यांना काही उद्योग नसायचा. मग मला हाक यायची.

किती हात लागले मला! सलामी सॉसेजच्या तेलाचे, मलमाचे, संत्र्यांच्या सालींचे. पेल्यांच्या पंजीवर वाइनचा एक गोल डागही आहे. पेल्यावरच पडल्यामुळे तो शोभतो. कप्तान ग्वाल्तिएरो मला पिसताना म्हणायचा, "असा कॅट आता बनत नाही." मी ते अजून विसरलेलो नाही.

आमचा खेळ ब्रिस्कोला. समोरासमोर बसलेले दोघे जोडीदार. बोलायचं नाही, पण जोडीदाराला तोंडाने खुणा करायच्या. ते राजरोस चालतं. तोंड वाकडं केलं तर हातात हुकमाची तिर्री आहे, आमच्यात तिला मोठा मान. डोळे छताकडे गेले तर राजा. एक खांदा उडवला तर घोडेस्वार. ग्वाल्तिएरोच्या समोर म्हातारा मालिशवाला नेल्लो बसायचा आणि नेल्लोच्या मागे होती खिडकी.

त्या खिडकीशी वैक्को बसू लागला.

बाहेरच्या देशांतल्या खेळाडूंवरची बंदी तेव्हा नुकतीच उठली होती. नियम असा, की एका संघात परदेशी एकच. आमच्या गावाने फिनलंडहून वैक्को आणला. सप्टेंबरात स्टेशनवर बँड वाजला, पोरींनी फुलं फेकली. त्याचं काम एकच, गोल करायचे. ते होईनात. तेव्हा गाव नुसतंच बघायला लागलं.

मित्रांनो, एकटं माणूस मी खूप जवळून पाहिलं आहे. तो संत्रं सोलायचा, साल एकसंध काढायचा आणि खाणं विसरायचा. भाषा येत नव्हती. अकरांत तो एकटाच असा, की ज्याच्याशी बोलायला दुसरा कुणी नव्हता. मग तो आमच्या मेजाकडे पाहायचा. आणि त्याला काय दिसायचं? कप्तान त्याच्याच दिशेने तोंड वाकडं करतोय, डोळे फिरवतोय, खांदा उडवतोय. नेल्लो ठेंगणा. खिडकीतल्या माणसाला ती सगळी तोंडं आपल्यालाच वाटणार, नाही तर काय.

हळूहळू त्याने मान खाली घातली. मैदानातही तो कप्तानाकडे बघेना. आणि चेंडू तर कप्तानाच्याच पायातून यायचा.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ग्वाल्तिएरोने तोंड वाकडं केलं आणि वैक्को ताडकन उठला. मेजाशी आला. तेच वाकडं तोंड त्याने करून दाखवलं.

"मी माकड?" तो म्हणाला. "रोज तोंड. मला बघून तोंड."

गोलरक्षक साविनो हळूच म्हणाला, "अरे, हा बोलतो की."

"तू गप रे," ग्वाल्तिएरो म्हणाला, आणि वैक्कोला म्हणाला, "तुला कशाला तोंडं करीन मी? तुझ्याकडे मी कधी पाहिलंय तरी का?"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं, की हे चिडवण्यापेक्षा वाईट होतं. माझी पानं सगळ्यांच्या हातांत तशीच राहिली.

दिर्चेबाई हात पुसत आल्या. "मग आता बघ त्याच्याकडे. नेल्लो, ऊठ."

"अहो बाई, डाव चाललाय माझा."

"तुझा डाव माझं लग्न झाल्यापासून चाललाय. ऊठ."

त्यांनी वैक्कोला खुर्चीत दाबून बसवलं. तिर्री त्याच्या नाकासमोर धरली आणि स्वतःचं तोंड असं वाकडं केलं, की साविनोला ठसका लागला. मग राजा, मग डोळे वर. वैक्को बराच वेळ बघत राहिला. शेवटी त्याने माझ्यातून पेल्यांचा घोडेस्वार उचलला आणि कप्तानाकडे पाहून एक खांदा उडवला.

"जमलं की लेका," ग्वाल्तिएरो म्हणाला.

मैदान मी पाहिलेलं नाही. कळायचं ते पुढच्या शनिवारी मेजावर. "काल-परवाचं पोर, मी नुसता खांदा उडवला आणि हा बचावाच्या मागे धावत सुटलासुद्धा," कप्तान सांगायचा. गोल होऊ लागले. बेकरीवाला त्याच्या पावाचे पैसे घेईना. ते माझे सगळ्यात चांगले दिवस.

पण संघाच्या अध्यक्षांनी जानेवारीतच एका ब्राझीलच्या खेळाडूशी करार करून ठेवला होता. कप्तान त्यांना भेटून आला. "काय म्हणाले?" दिर्चेबाईंनी विचारलं.

"जागा एकच आहे म्हणाले. सही झाली म्हणाले."

मे महिन्यात वैक्को निरोप घ्यायला आला. दिर्चेबाईंनी आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी दिली. दारात तो वळला, ग्वाल्तिएरोकडे पाहिलं आणि एक खांदा उडवला. सगळे हसले. गंमत करतोय, असं त्यांना वाटलं.

ऑगस्टमध्ये मला पिसून वाटायला घेतलं, तेव्हा पेल्यांचा घोडेस्वार नव्हता. ग्वाल्तिएरोने पानं पुन्हा एकदा मोजली. मग म्हणाला, "सांगून गेला होता तो. लबाड."

अपुऱ्या कॅटने खेळता येत नाही. साविनोने प्लास्टिकचा नवा कॅट आणला आणि मी खणात आलो. ब्राझीलवाला खिडकीशी बसला होता. खण बंद होता होता कप्तानाचा आवाज ऐकू आला, "ए, इकडे ये. आधी आमची ही तोंडं समजून घे."

माझा घोडेस्वार आता उत्तरेत कुठल्या तरी फळीवर असेल. त्याला पाहून तिथे कुणी खांदा उडवत नसेल. आता तो तिथला परदेशी.

मित्रांनो, एक पान हरवलं म्हणून जुना कॅट टाकू नका. दिर्चेबाईंनी टाकला नाही. आणि तुमच्या खिडकीशी कुणी नवा येऊन बसला, तर आपल्या खुणा त्याला पहिल्याच दिवशी सांगा. फेब्रुवारीची वाट बघू नका. जानेवारीत सही होऊन गेलेली असते.