दुसऱ्या वाड्यावरची लादाईन

चपला न काढताच एस्परांसा क्लोतिल्दच्या ओसरीवर चढली. भांडायला येताना तिनं सणाचा झगा घातला होता, कानात सोनं घातलं होतं. बघू दे हिला, घरची बायकोही काही कमी नाही.

"माझा नवरा कधीपासून आहे गो तुझ्यामागे?"

"आधी बस तरी," क्लोतिल्द म्हणाली. ती सुपात चणे निवडत होती.

एस्परांसा बसायला आलीच नव्हती. मे महिना लागला तशा गावातल्या कुठल्या ना कुठल्या वाड्यावर, वस्तीवर, क्रुसापुढे रोज लादाइनी, गाऊन म्हणायच्या प्रार्थना, सुरू झाल्या. स्वतःच्या लग्नातही इगर्जीत जांभया देणारा तिचा कायतान आता एकही लादाईन चुकवत नव्हता. आपल्या वाड्यावरची आटोपली की पलीकडच्या वाड्यावरची, तिथून नदीकाठची. आणि सगळीकडे पुढे उभी राहून गाणारी कोण? ही विधवा! आवाज तरी कसला मेलीचा! ऐकताना एस्परांसाचंही काळीज हलायचं, आणि त्याचाच तिला जास्त जळफळाट व्हायचा.

"लवंग चघळत घरी येतो. आल्याआल्या आंघोळ. विचारलं की अंगावर धावून येतो. मला काय दूधखुळी समजलात?"

"हल्ली दाढी करताना कापून घेतो का?"

"घेतो की! तुझ्यासाठी नटायची घाई!"

क्लोतिल्दनं सूप बाजूला सारलं.

"बाय, तो गाण्याला नसतोच. प्रार्थना संपून चणे आणि फेणी वाटायला लागले, की उगवतो. चण्यांना हात लावत नाही. पेला दोनदा भरून घेतो आणि पुढच्या वाड्याची वाट धरतो. मी तिथे आहे की नाही, हेसुद्धा त्याला ठाऊक नसेल."

"खोटं बोलतेस!"

"माझ्या नवऱ्याचं, आंतोनचं, असंच होतं. पहिला घोट पोटात जाईपर्यंत सकाळी हात थरथरायचे. मला वाटलं, शिवणकामवाली आहे मनात. भर बाजारात तिच्या झिंज्या उपटल्या मी. तिचा काही संबंध नव्हता. आंतोन त्याच वर्षी गेला."

रोज सकाळी कायतानच्या बशीत सांडलेला चहा एस्परांसाच पुसत होती. मन कुठे आहे तुमचं, म्हणून टोमणेही मारत होती.

ती मटकन खाली बसली. बाई असती तर ओरडून गाव गोळा केलं असतं, पाद्रीबाबांना मध्ये घातलं असतं, नवऱ्याला दंडाला धरून घरी आणलं असतं. आता कुणाच्या दारात जाऊन भांडायचं?

तिनं क्लोतिल्दचं मनगट घट्ट धरलं.

"असेल काही तर सांग ना गो," ती म्हणाली. "तुला एका शब्दानं बोलणार नाही. शपथ घेते. फक्त एकदा हो म्हण."