पसाभर जवारी

सगुणाबाईचं पहिलं पोर पाचवीच्या आतच गेलं होतं, म्हणून दुसऱ्या बाळंतपणाला तिला मंठ्याहून बैलगाडीनं जालन्याच्या दवाखान्यात आणलं. सासूनं सोबत सूप आणि जवारी घेतली होती. जन्मलेलं पोर सुपात घालून पसाभर जवारीला परक्या बाईला विकलं, की ते आपलं राहत नाही आणि सटवी त्याला नेत नाही. नर्सबाई आधी रागावली, मग हसून विकत घ्यायला कबूल झाली.

पोर मेलेलंच उपजलं. नर्सबाईनं त्याला सुपात निजवलं आणि सगुणाबाईच्या ओटीत पसाभर जवारी घातली. “हे आता माझं झालं. तुझं काही गेलं नाही, बाई.”

सगुणाबाईनं जवारी झटकून टाकली.

“जितं असतं तर दिलं असतं. आता न्हाई देणार. आणा माझं पोर इकडं.”