सातवी सही

विशालाक्षीला कारखान्यात सगळ्या 'चेकर अक्का' म्हणत. म्हैसूर-नंजनगूड रस्त्यावरच्या त्या शर्टांच्या कारखान्यात सहा नंबरच्या लाइनच्या टोकाला ती उभी असे. पुढ्यात येणाऱ्या प्रत्येक शर्टाची कॉलर, बाही, काज बघायचं आणि चुकलेल्या टाक्यापाशी लाल बाणाचा स्टिकर लावायचा, हे तिचं काम. नऊ तास उभ्यानं. पायांच्या शिरा फुगून वर आल्या होत्या, पण चेकरला खुर्ची द्यायची पद्धत नव्हती. बसलेल्या माणसाला चुका दिसत नाहीत, असं कुणा शहाण्यानं ठरवून टाकलं होतं आणि ते बावीस वर्षं तसंच चाललं होतं.

लाइनवरच्या बाया बहुतेक सरगूर, पिरियापट्टणकडच्या. त्यांच्या आया तंबाखूच्या शेतात राबल्या आणि या थेट मशीनवर येऊन बसल्या. सावली कुठवर आली ते बघून भाकरी सोडणाऱ्या घरातल्या या मुली. त्यांच्या डोक्यावर आता एक पांढरा बोर्ड टांगलेला होता. तासाला नव्वद कॉलर. ऐंशी भरल्या की सुपरवायझर अख्ख्या लाइनीसमोर आयाबहिणी काढायचा. संडासला जायचं तर त्याच्याकडून लाकडी बिल्ला मागून घ्यायचा. साठ जणींत बिल्ला एक. मग बायांनी त्यावर आपला उपाय काढला. त्यांनी पाणी प्यायचंच सोडलं. फेब्रुवारीत चिक्कतायी मशीनवरच कोसळली. डॉक्टर म्हणाला, लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय. ती काही परत आली नाही. पंधरा दिवसांत तिच्या मशीनवर दुसरी मुलगी बसली आणि बोर्डावर नव्वदचे पंच्याण्णव झाले.

तेव्हा कॉलरवाल्या ताराचं डोकं फिरलं. तारा तिशीची, अंगानं काटकुळी, नवरा सोडून गेलेला, नऊ वर्षांची मुलगी पदरात. तिनं जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, भाजीच्या गाडीपाशी एकेकीला गाठलं. युनियन करायची. बिल्ला बंद करायचा, प्यायला पाणी आणि ते प्यायची मोकळीक मागायची. दीडशे बायांनी मान डोलावली. पण मान डोलावणं वेगळं आणि अर्जावर नाव घालणं वेगळं. अर्ज करणाऱ्या म्हणून सात सह्या लागत होत्या. सहा झाल्या. सातवी मिळेना.

"चेकर अक्कांना विचारू," तारा म्हणाली, तेव्हा बाकीच्या पाच जणी उसळल्या. चेकर म्हणजे मालकाचा डोळा. जिच्या स्टिकरमुळे आपण शिव्या खातो, तिच्या हातात मान द्यायची? बटणाच्या मशीनवरची रत्नम्मा तर उठूनच गेली. ताराच एकटी हट्टाला पेटली. तिनं अक्कांसाठी शब्द टाकला.

विशालाक्षीनं तीन दिवस घेतले. घरी नवऱ्याची बस कंपनीतली नोकरी संपलेली, संसार तिच्या एकटीच्या पायांवर उभा. पण चिक्कतायी पडली तेव्हा हिनं शर्ट बाजूला ठेवून तिला उचललं नव्हतं. सुपरवायझर बघत होता म्हणून ती पुढचा शर्ट तपासत राहिली होती. ते तिला खात होतं. चौथ्या दिवशी तिनं सही केली.

आणि सही केल्यावर तारानं तो अर्ज तिच्याच हातात दिला. बाकीच्या भाड्याच्या खोल्यांत राहत. एका खोलीत चार-चार जणी, कोण कधी येईल सांगता यायचं नाही. अक्कांचं म्हैसुरात स्वतःचं घर. सोमवारी सकाळी गेटपाशी अर्ज ताराला द्यायचा, तारा पोट दुखतंय म्हणून सुट्टी काढून लेबर ऑफिसला जाणार. एकदा अर्जावर शिक्का पडला की मग कुणाला सहजासहजी हात लावता येत नाही. तोवर सात नावं बाहेर जाता कामा नयेत.

"यारिगू हेळबेडि, अक्का," तारानं दोनदा बजावलं. कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही. विशालाक्षी फुलून गेली. इतक्या वर्षांत त्या कारखान्यात तिच्यावर कुणी एवढा विश्वास टाकला नव्हता. तिनं अर्ज घरी नेऊन देवाच्या पाटाखाली ठेवला आणि नवऱ्यालाही कळू दिलं नाही.

आता म्हैसूरच्या जुन्या मराठी घरांची एक खोड सांगायला हवी, कारण सगळा घात तिनंच केला. या लोकांची बाहेरची भाषा कन्नड, घरातली मराठी. पिढ्यान्‌पिढ्या मराठीचा त्यांना बाहेर एकच उपयोग. देवराज मार्केटात भाजीवाल्यासमोर 'महाग सांगतोय, चला' म्हणायचं ते मराठीत. दवाखान्यात शेजारच्या बाईचं लुगडं नावाजायचं किंवा तिला नावं ठेवायची तीही मराठीत, आणि चांगल्या खणखणीत आवाजात. कुजबुजायची गरजच काय? आपण मराठीत बोललो म्हणजे दाराला आतून कडी लावली, अशी यांची पक्की खात्री. अशाच घरातली विशालाक्षी पन्नास वर्षं या कडीच्या भरवशावर बोलत आली होती.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत ती पाण्याच्या कूलरपाशी उभी होती, तेव्हा फोन वाजला. गुंडेराव. तिचे यजमान. एका कानानं ठार बहिरे आणि दुसऱ्यानं जेमतेम.

"विशाला, शनिवारची पूजा करायला पाट उचलला. खाली हे कसलं पत्र गं? सात सह्या आहेत. तुझी पण आहे."

"अय्यो, तसंच ठेवा हो ते! आल्यावर सांगते."

"काय? मोठ्यानं बोल. कोर्टाबिर्टाचं आहे का? तसलं घरात नको मला. मी फाडून टाकतो."

"फाडू नका, दम्मय्या! तुमच्या पाया पडते!" तिचा आवाज चढला. "युनियनचा अर्ज आहे तो. कारखान्यातला. सोमवारी तारा घेऊन जात्ये लेबर ऑफिसला."

"तारा कोण? या कोण सगळ्या? कसल्या बायकांत गेलीस तू?"

मग तिनं त्यांची समजूत घालायला घेतली. चांगल्या घरच्या बाया आहेत हो, भिऊ नका. कॉलरची तारा. बटणाची रत्नम्मा, तिच्या सासूला तुम्ही ओळखता की. म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही म्हणून तीच नावं पुन्हा, आणखी मोठ्यानं. सहाच्या सहा. कोण कुठल्या मशीनवर बसते, तेही सांगितलं.

बोलता बोलता कूलरपाशी बाटली भरायला कुणी आलं, म्हणून ती जरा बाजूला सरकली. ते अनुराग सर होते. दोन महिन्यांपूर्वी आलेला एचआरचा तरुण अधिकारी. सगळ्यांशी इंग्रजीत, वॉचमनशी हिंदीत बोलायचा. बायांनी आपला त्याला दिल्लीकडचा ठरवून टाकलं होतं. विशालाक्षीनं त्याला पाहिलं, मान लववली आणि फोनवर बोलत राहिली. त्यानंही हसून मान हलवली, बाटलीचं झाकण सावकाश लावलं आणि तो गेला.

"कळलं का आता? तसंच्या तसं ठेवा," तिनं फोन ठेवला. अर्ज फाटण्यापासून वाचला म्हणून तिचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी सकाळी अर्ज डब्याच्या पिशवीत घालून ती बसमधून उतरली, तर गेटबाहेर सहा जणी उभ्या. तारा, रत्नम्मा आणि बाकीच्या. अंगठ्याच्या मशीननं त्यांना आत घेतलं नव्हतं. प्रत्येकीच्या हातात एकेक पत्र होतं. आजपासून तुमची बदली दोनशे मैलांवरच्या युनिटात, तीन दिवसांत हजर व्हा, नाहीतर नोकरी सोडली असं समजू. मागून येणाऱ्या बाया त्यांच्याकडे न बघता, खाली मान घालून आत शिरत होत्या. त्या दीडशेंतल्याच.

विशालाक्षी पुढे झाली, अंगठा ठेवला. मशीनचा हिरवा दिवा लागला.

सहा जणींनी तो दिवा पाहिला. मागच्या गर्दीनं तिला आत ढकललं आणि ती आत गेली. मागे फिरायला हवं होतं, पण पाय लाइनीकडे वळले. बावीस वर्षांचे पाय ते.

अर्ध्या तासात तिला ऑफिसात बोलावलं. अनुरागनं खुर्ची पुढे केली.

"बसा ना, काकू," तो स्वच्छ मराठीत म्हणाला. "शनिवारी तुमचं मराठी ऐकलं आणि आमच्या आजीचीच आठवण झाली. आजी मिरजेची माझी."

विशालाक्षी उभीच राहिली.

"घाबरू नका हो. तुमचं नाव मी वर कळवलंच नाही. सहाच कळवली. इतक्या लांब येऊन आपलं माणूस भेटायचं आणि त्यालाच कसं अडकवायचं? पुढच्या महिन्यात तुम्हाला सुपरवायझर करायचं माझ्या मनात आहे."

तो मनापासून बोलत होता, हेच वाईट होतं. दुष्टपणे बोलला असता तर तिला त्याच्या अंगावर धावून जाता आलं असतं. आपल्यावर उपकार केल्याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं आणि त्या उपकारानं आपला गळा कापलाय, हे तिला लख्ख कळलं.

"सातवी सही माझी आहे, सर. माझंही पत्र काढा," ती कन्नडमध्ये म्हणाली.

"मराठीत बोला की, काकू."

तिनं तेच वाक्य पुन्हा कन्नडमध्ये म्हटलं. त्याचा चेहरा पडला. "असं मनाला लावून घेऊ नका. कामावर जा आता," एवढं बोलून त्यानं समोरचा कॉम्प्युटर पुढे ओढला.

ती कामावर गेली नाही. सरळ गेटबाहेर आली. सहा जणी रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीमागे बसल्या होत्या. तिला बघताच रत्नम्मानं तोंड फिरवलं. विशालाक्षीनं ताराशेजारी बसून तिचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. पूजा, पाट, फोन, बहिरा नवरा, कूलर, मिरजेची आजी. सांगताना ती इतकी रडली, की मधले शब्दच कळेनात.

"फोनवर नावं घेतलीत? त्याच्या शेजारी उभं राहून?" रत्नम्मा म्हणाली. "त्यापेक्षा पैसे घेऊन विकलं म्हणा, अक्का. ते तरी पटेल."

"मला पटतंय," तारा म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "पैसे घेतलेली बाई बाहेर आली नसती." तिनं हात पुढे केला. "अर्ज द्या."

विशालाक्षीनं पिशवीतून कागद काढून दिला आणि पदरानं डोळे पुसले. "चला, मी येते लेबर ऑफिसला. काय व्हायचं ते सातही जणींचं होऊ दे."

तारानं कागद उलगडून शेवटची सही बघितली. मग तिनं बाकीच्या पाच जणींकडे पाहिलं. विशालाक्षी आल्यापासून त्यांच्यातली एकही दुसरीशी बोलली नव्हती.

"सही राहू दे, अक्का. सात लागतात," तारा हळू आवाजात म्हणाली. "पण तुम्ही येऊ नका. आम्हाला आता पुढचं ठरवायचंय आणि तुम्ही इथे असलात की कुणी तोंड उघडायचं नाही."

"मी कुणालाच काही सांगणार नाही गं," विशालाक्षी म्हणाली आणि म्हणताच तिची तिलाच लाज वाटली.

ताराही खाली बघायला लागली. विशालाक्षी उठली. गेटात परत जायचं की बसस्टॉपकडे, हे न सुचून ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. टपरीमागे सहा जणी डोकी जवळ आणून खालच्या आवाजात बोलायला लागल्या होत्या.